पावसाच्या शेजारी घर

गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत मोसमी वाऱ्यांविषयी चार शब्द बोलून आम्ही व्यासपीठावरून खाली उतरलो, तेव्हा एक वयस्क गृहस्थ आमच्याजवळ आले. वैशाखातील संध्याकाळ होती आणि हातातील कार्यक्रमपत्रिकेने ते वारा घेत होते. म्हणाले, "तुमचे वारे आणि नकाशे समजले. आता एक व्यवहाराचे सांगा. नोकरीतून मोकळा झालो आहे, मुले आपापल्या वाटेला लागली आहेत. कोकणाच्या बाजूला कोठे तरी चार खोल्यांचे घर बांधून राहावे, असे आम्हां उभयतांच्या मनात आहे. मात्र जागा अशी हवी, की जेथे सर्वांत जास्त पाऊस पडेल आणि खिडकीत बसले की धुके आत येईल. अशी जागा कोणती?"

'आंबोली' असे एका शब्दात उत्तर देऊन आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. परंतु आम्ही उलट त्यांनाच विचारले, "आपल्याला पाऊस अधिक हवा, की धुके?" ते हसून म्हणाले, "अहो, दोन्ही एकच ना?" तेवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली आणि ते संभाषण तेथेच राहिले. प्रश्न मात्र आमच्या मागे लागला. एरवी पावसाचा विचार आपण पिकांच्या, धरणांच्या आणि महापुरांच्या निमित्ताने करतो. 'राहावे कोठे' या अंगाने फारसा कोणी करीत नाही. तो तसा केला, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याची आणि सह्याद्रीची सारी रचना नव्याने समजू लागते, असा आमचा अनुभव आहे. त्या गृहस्थांना द्यावयाचे राहिलेले उत्तर आज येथे देत आहोत.

प्रथम मापाची भाषा समजून घेऊ. पाऊस मिलिमीटरांत मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून न जाता, न मुरता जागच्या जागी राहिले असते, तर एक मिलिमीटर उंचीचा थर झाला असता. एक चौरस मीटर जागेवर हा थर बरोबर एक लिटर पाण्याचा होतो. हा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा; शेवटी त्याचे काम पडणार आहे. आपल्या देशात वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ वाजता सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. त्या चोवीस तासांत अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला, तरच तो 'पावसाचा दिवस' म्हणून मोजतात. नुसती भुरभुर झाली, अंगणातील फरशी ओली झाली, तर त्या दिवसाची गणती त्यात होत नाही.

येथेच पहिला भेद उभा राहतो. 'जास्त पाऊस' म्हणजे वर्षाचे जास्त मिलिमीटर, की पावसाचे जास्त दिवस? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी त्याच मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेत ७५ मिलिमीटरही नोंदला गेला नाही. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून जागेची परीक्षा करू नये. पाऊस 'पडला' किती, यापेक्षा पाऊस 'राहतो' किती दिवस, हे राहणाऱ्याने पाहावे.

आता समुद्राकडे पाठ आणि सह्याद्रीकडे तोंड करून चालू लागू. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत नैर्ऋत्येकडून येणारा वारा हजारो मैल उबदार समुद्रावरून बाष्प उचलीत येतो आणि कोकणच्या किनाऱ्याला लागतो. सामान्य समजूत अशी, की समुद्र जितका जवळ तितका पाऊस अधिक. आकडे मात्र वेगळे सांगतात. मुंबईस कुलाब्याला वर्षाकाठी सरासरी सुमारे २१०० मिलिमीटर पाऊस पडतो; रत्नागिरीस ३००० च्या वर. पुण्याच्या सातशे-साडेसातशेच्या मानाने हे फार झाले. परंतु कोकणात राहणाऱ्याला विचाराल, तर किनारपट्टीच्या खलाटीपेक्षा आतल्या वलाटीत पाऊस अधिक, हे तो नकाशा न पाहताच सांगेल. वाऱ्याला खरा अडसर अजून पुढे आहे. तो अडसर म्हणजे किनाऱ्यापासून साधारण तीस ते साठ-सत्तर किलोमीटरांवर भिंतीसारखा उभा राहिलेला सह्याद्री.

भिंतीपाशी आलेल्या वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची ताकद कमी. मग त्या बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात, म्हणजेच ढग होतो. थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि खाली येतात. घाटमाथ्यावरचे आषाढातले ढग पुष्कळदा फार उंच नसतात. त्यांतील पाऊस वरच्या बर्फाच्या कणांवर फारसा अवलंबून न राहता थेंबाला थेंब मिळूनच तयार होतो. आषाढातला पाऊस दिवसेंदिवस कोसळतो, पण गडगडाट फारसा करीत नाही, याचे कारण हेच. मेघगर्जना ऐकायची तर मृगाच्या आरंभी किंवा हस्ताच्या परतीच्या पावसात. ढगांच्या पोटातील हा व्यवहार समजून घेण्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वर येथे एक प्रयोगशाळाच उभारली. ढग तेथे आपण होऊन दाराशी येतो, विमानातून त्याच्यामागे जावे लागत नाही, ही सोय शास्त्रज्ञांनी हेरली.

महाबळेश्वरचेच उदाहरण पुढे चालवू, कारण इतका स्वच्छ धडा दुसरीकडे क्वचित मिळेल. खाली पोलादपूर-महाडच्या बाजूला वर्षाला तीन ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला यावे, तर साडेपाच ते सहा हजार. तेथून पूर्वेस वीस किलोमीटरांच्या आत पाचगणी. तेथे हा आकडा एकदम अठराशेच्या आसपास उतरतो. पसरणी घाट उतरून वाईस आलो, की सातशे. सकाळी महाबळेश्वरात घोंगडी पांघरून निघालेला माणूस दुपारी वाईच्या घाटावर उन्हात उभा असतो.

यात उंचीचा वाटा किती आणि जागेचा किती, हे पाहण्यासारखे आहे. पाचगणी महाबळेश्वरापेक्षा जेमतेम शंभर मीटरांनी ठेंगणी, पाऊस मात्र तिसरा हिस्सा! म्हणजे पाऊस ठरविणारी गोष्ट नुसती उंची नव्हे, तर कड्यापासूनचे अंतर ही आहे. वारा कडा चढताना आपले बहुतेक ओझे टाकतो. माथा ओलांडल्यावर तो पठारावर पसरतो, खाली उतरू लागतो, उतरताना दाबला जाऊन पुन्हा गरम होतो आणि ढग विरत जातो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. पुणे त्या छायेतच वसले आहे.

ही माथ्याची रेघ उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत धरून गेलो, तर पावसाची मोठी गावे माळेतील मण्यांसारखी भेटतात. माथेरान मुख्य रांगेपासून सुटलेला डोंगर आहे. तरी तेथे पाच हजारांच्या आसपास पाऊस. खंडाळा-लोणावळ्यास चार-साडेचार हजार. मग ताम्हिणीचा घाट, मग महाबळेश्वर. कोयनेच्या पाणलोटातील नवजा हे लहानसे गाव कित्येक वर्षी महाबळेश्वरालाही मागे टाकते. कोल्हापूरच्या पश्चिमेस पंचावन्न किलोमीटरांवर गगनबावडा. कोल्हापूरकरांच्या हजारभर मिलिमीटरांच्या शेजारी बावड्याचा पाऊस पाचपटींच्या घरात जातो. आणि दक्षिणेस, सावंतवाडीहून बेळगावकडे जाणाऱ्या घाटाच्या माथ्यावर आंबोली. सरासरी सात हजारांच्या वर.

आंबोलीची उंची महाबळेश्वराच्या निम्मीच, सातशे मीटरांच्या आतबाहेर. तरी पाऊस अधिक का? एक तर वाऱ्यातील बाष्पाचा मोठा साठा खालच्या दोनेक किलोमीटरांच्या थरातच असतो. त्यामुळे सातशे मीटरांची उभी भिंतही त्याला अडवून उचलण्यास पुरेशी होते. दुसरे असे, की मोसमी पाऊस दक्षिणेकडून येतो. आंबोलीस तो मुंबईपेक्षा चार-सहा दिवस आधी पोचतो. या दक्षिणेकडच्या ओल्या रानातच आंबोलीचा एक चिमुकला भेक आढळला, ज्याचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झाले. ओल हीच त्याची दौलत.

आता धुक्याकडे वळू. ते गृहस्थ म्हणाले होते, दोन्ही एकच. तसे ते नाही. शास्त्राच्या व्याख्येप्रमाणे समोरचे एक किलोमीटरच्या आत दिसेनासे झाले, तर ते धुके. पण त्याच्या जाती निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येकीचे घर निराळे.

पहिली जात थंड समुद्राची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोला ऐन उन्हाळ्यात दाट धुके लोटते, आणि त्याच उन्हाळ्यात तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. दक्षिण अमेरिकेतील लिमा शहर हिवाळाभर धुक्यात असते, वर्षाचा पाऊस मात्र नाममात्र. किनाऱ्याजवळून वाहणारा थंड प्रवाह वरच्या हवेला गारठवितो आणि तिचे धुके करतो. पण ती हवा वर चढत नाही, म्हणून पाऊस होत नाही. आपला अरबी समुद्र कोकणाजवळ चांगला उबदार आहे. त्यामुळे रत्नागिरी-मालवणच्या पुळणीवर असे समुद्री धुके शोधू गेलात, तर निराशाच पदरी पडेल.

दुसरी जात खोऱ्यातल्या थंडीची. पौष-माघातल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिच्यालगतची हवा गार होऊन दऱ्यांत साचते, आणि नदीकाठच्या ओलाव्याचे पहाटे धुके होते. हे धुके सूर्य कासराभर वर आला की विरते. खिडकीतून पाहणाऱ्याला ते गोड वाटते. आंब्याच्या बागायतदाराला मात्र ते नको असते. मोहर धरण्याच्या दिवसांत असे दमट धुके आणि ढगाळ हवा टिकली, तर मोहरावर भुरी पडते, तुडतुडे वाढतात आणि हापूसची आशा तेथेच मावळते.

तिसरी जात हीच घाटमाथ्याची, आणि ती खरे पाहता धुके नव्हेच; तो जमिनीवर बसलेला ढग. पठारावरून ज्याला आपण ढग म्हणतो, त्यातच आंबोलीचा माणूस दूध आणायला जातो. कडा चढणारी हवा ज्या उंचीवर थंड होऊन ढग होऊ लागते, ती उंची आषाढात फार खाली असते. माथ्याचे गाव त्या उंचीच्या वर गेले, की ते ढगाच्या पोटात गेले. म्हणून आपल्याकडे पाऊस आणि धुके दोन्ही एकत्र हवे असतील, तर ते केवळ या एका अरुंद पट्टीवरच मिळतात, आणि तेही चार महिने.

अशा ढगात राहणे म्हणजे काय, ते आम्ही एकदा आषाढात अनुभवले. घाटमाथ्यावरच्या एका खेड्यात आठ दिवस राहण्याचा योग आला. घरासमोर चाळीस पावलांवर विहीर होती. ती दिसते की नाही, हे आम्ही दिवसातून चार वेळा पाहत असू. पहिले तीन दिवस ती एकदाही दिसली नाही. पाऊस थांबला, असे वाटून बाहेर यावे, तर झाडाखाली टपटप चालूच. ढगातले थेंब पानांवर जमून खाली पडत होते. मिठाच्या बरणीत पाणी सुटले, काडीपेटीच्या काड्या पेटेनात, चामड्याच्या चपलेवर हिरवट बुरशी आली, कपाटातील कपड्यांना कुबट वास लागला. घरच्या आजीबाई निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची पाटी पालथी घालून तिच्यावर नातवाची झबली वाळवीत. आम्ही पावसाचे कौतुक करू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण पाहुणे हो. आठ दिवसांचा पाऊस सगळ्यांनाच गोड लागतो. आम्हांला चार महिन्यांचा काढायचा असतो."

त्यांच्या त्या 'काढण्या'ची तयारी मात्र पाहण्यासारखी होती. मृगाच्या आधी घर शाकारून घेतलेले. सरपण माळ्यावर चढविलेले. तांदूळ, डाळी, मीठ, मिरची, सुकी मासळी, पापड यांची बेगमी केलेली. पश्चिमेच्या अंगाला, जिकडून झड येते, गवताच्या ताट्या बांधलेल्या. कोकणात खाली याच कामी नारळाचे झाप लावतात. आम्ही पाहिलेल्या जुन्या घरांची छपरे पश्चिमेकडे माणसाला वाकून यावे लागेल इतकी खाली आणली होती, आणि त्या भिंतीला खिडकी बहुधा नव्हतीच. त्या गृहस्थांची खिडकी आम्हांला तेथे आठवली. धुके आत यावे म्हणून जी खिडकी ते उघडणार, तीच या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बुजवून ठेवलेली!

यापुढची गोष्ट मौजेची नाही. परंतु जो जागा शोधतो आहे त्याच्यापासून ती लपविणे बरे नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव पावसात डोंगराखाली गाडले गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे तेच झाले. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता आणि खाली चिपळूण पाण्याखाली होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर दरड आली. मोठ्या पावसाच्या प्रदेशात उतारावरची माती पाण्याने जड होते, मातीचे आणि खालच्या खडकाचे मिलन सुटते आणि साऱ्या उताराचाच आधार जातो. म्हणून जागा पाहताना पुढील दृश्याबरोबर पाठीमागची दरडही पाहावी. उतारावरची झाडे एका बाजूला कललेली आहेत काय, जमिनीला नव्या भेगा आहेत काय, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते काय, वरच्या अंगाला रस्ता किंवा घरे यांसाठी डोंगर कापला आहे काय, हे स्थानिक वृद्धांना विचारावे. ओढ्याच्या जुन्या पात्रात आणि खड्या उताराच्या ऐन पायथ्याशी, कितीही स्वस्त मिळाली तरी, जागा घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आषाढात जेथे विहीर धुक्यात दिसत नव्हती, त्याच खेड्यात आम्ही पुढच्या वैशाखात मुद्दाम गेलो. विहीर आता स्वच्छ दिसत होती. तिच्या तळाशी मात्र हातभर पाणी होते आणि काठावर हंडे रांगेने लावलेले होते. झबली वाळविणाऱ्या त्या आजीबाईंची सून पहाटे चारला उठून नंबर लावीत होती. हे एकाच गावाचे दुःख नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जेथे पुण्याच्या चौपट-आठपट पाऊस पडतो, तेथे कितीतरी वाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. पुण्याचा नळ मात्र चालू असतो. कारण त्याच माथ्याच्या आडोशाला पडलेला पाऊस आपण धरणांत अडवून ठेवला आहे.

असे का व्हावे? माथ्यावर जांभा दगड असेल, तर तो चाळणीसारखा सच्छिद्र. पाणी त्यातून खाली उतरते आणि त्याच्या बुडाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडून निघून जाते. काळा पाषाण असेल, तर तो घट्ट. पाणी मुरण्याला भेगांवाचून वाट नाही, ते वरच्यावरच धावते. उतार खडा. कोकणातल्या नद्या आखूड. माथ्यावर पडलेला थेंब एक-दोन दिवसांत खाडीला मिळतो. जेथे रान राखले आहे, देवराई टिकली आहे, तेथे पालापाचोळा आणि मुळे पाण्याला धरून ठेवतात आणि झरा फाल्गुन ओलांडतो. जेथे डोंगर बोडका झाला, तेथे झराही लवकर आटतो. थोडक्यात, पाऊस जेथे सर्वांत जास्त पडतो ती जागा, आणि पावसाचे पाणी जेथे राहते ती जागा, या दोन वेगळ्या असू शकतात. राहणाऱ्याला दुसरीची अधिक गरज.

आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. सह्याद्रीच्या किल्ल्यांकडे पाहा. ते बहुतेक सगळे याच अतिपावसाच्या पट्ट्यात, आणि माथ्यावर नदी कोठून असणार? तरीही तेथे शेकडो माणसे बारमाही नांदली, ती खडकात खोदलेल्या टाक्यांच्या आणि तळ्यांच्या जिवावर. रायगडावर राजधानी बसविली, तेव्हा हिरोजी इंदुलकरांनी वाडे आणि दरवाजे बांधले, तशीच पाण्याचीही तरतूद केली. गंगासागर आजही तेथे आहे. त्याहून कितीतरी आधी मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतील भिक्षूंनी डोंगराच्या अंगावर पन्हळ्या कोरून पावसाचे पाणी टाक्यांत वळविले होते. पावसाच्या शेजारी राहावयाचे, तर तो पडत असतानाच धरून ठेवला पाहिजे, ही विद्या दोन हजार वर्षांची आहे.

आता आरंभीचा हिशेब पुन्हा घेऊ. शंभर चौरस मीटर छपराचे घर आणि ३००० मिलिमीटर पाऊस. छपरावर पडणारे पाणी तीन लाख लिटर. आंबोलीस ते सात लाखांवर जाईल. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर धरले, तर मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंतच्या दोनशे दिवसांना दहा हजार लिटर पुरतात. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल अशा टाकीत ते मावतात. म्हणजे छपरावरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा तिसावा हिस्सा अडविला, तरी घरातल्या बाईची पहाटेची रांग चुकते. टाकी झाकलेली हवी, पहिल्या पावसाचे कौलांवरची घाण धुऊन आणणारे पाणी सोडून द्यावयास हवे, आणि तोंडाशी गाळणी हवी. पाणी पिण्यापूर्वी उकळून घ्यावे. यात अवघड असे काहीच नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना आमचे उत्तर असे. सर्वांत जास्त पाऊस आणि सर्वांत दाट धुके एका ठिकाणी हवे असेल, तर ते घाटमाथ्यावर, कड्याला लागून आहे: आंबोली, गगनबावडा, नवजा, महाबळेश्वर. पण घर ऐन कड्यावर बांधू नका. माथ्यापासून पाच-सात किलोमीटर पूर्वेस सरकलात, तर पाऊस बराच उतरतो, तरी आषाढात तो पुरून उरतो. ढग सकाळ-संध्याकाळ भेटीला येतो आणि अधूनमधून कपडेही वाळतात. वलाटीत राहणार असाल, तर सपाटीवरची जुनी गावठाणाची जागा पाहा. जुनी वस्ती जेथे शे-दोनशे वर्षे टिकली, तेथे पाण्याचा, झडीचा आणि दरडीचा विचार कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. आणि जमीन विकत घेण्यापूर्वी त्या गावात भाड्याने दोन महिने राहा. एक आषाढ आणि एक वैशाख. आषाढ पाहून जागा आवडेल; घ्यावी की नाही, ते वैशाख सांगेल.

ते गृहस्थ यंदाच्या सभेत असतील, तर त्यांनी अवश्य भेटावे. जागा ठरली असेल, तर टाकी कोठे खणली, एवढेच आम्ही त्यांना विचारू.